सात ते नऊ सात, इमारत निर्मनुष्य

चौदा महिन्यांनी सगळं घर एका टेबलाशी बसलं, दोन तास सात मिनिटं बसलं, आणि मधेच ताट सरकवून कोणी उठून गेलं नाही. या प्रकरणात घडतं ते एवढंच.

पण ते घडलं असं आपण धरायचं नाही. नोंद तशी नाही. नोंदीप्रमाणे त्या बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ वाजून सात मिनिटं या वेळात इमारतीत चिटपाखरू नव्हतं. आणि नोंद म्हणजे नोंद, तिच्यापुढे पाच माणसांच्या पोटातल्या सुपाचं काय चालणार. तेव्हा काहीच घडलेलं नाही असं समजून सुरुवात करू.

तर, काहीच घडलेलं नव्हतं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि धाकटा जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत उभं राहून फसवणूक करत होता.

घरात त्याला धाकटा म्हणत, बाहेर वायरमन म्हणत. चव्वेचाळिसावं वर्ष लागलं तरी दोन्हीकडे बढती नव्हती. फसवणूक दर महिन्याच्या एक तारखेला असायची आणि ती दहा मिनिटांची असायची.

या इमारतीत चार मजले आणि एक घर होतं. तळमजल्यावर दादाचा दातांचा दवाखाना, पहिल्या मजल्यावर दादा आणि वहिनी, दुसऱ्यावर ताई, तिसऱ्यावर आई, आणि चौथ्यावर, पाण्याच्या टाकीच्या शेजारी, टाकीएवढाच बडबडा असा धाकटा. वडिलांनी अडतीस वर्षं कोळशाच्या वीजघरात काढली होती आणि निवृत्त होताना खोकला तेवढा घरी आणला होता. त्या खोकल्यानेच पुढे त्यांना नेलं. ते गेल्यावर तीनच महिन्यांत घराने लवचीक इमारत योजनेच्या कागदावर सह्या केल्या. या घराने एकमताने केलेली ती पहिली गोष्ट, आणि आजवरची शेवटचीही.

योजना साधी होती. जिन्यात एक दिवा बसवला होता. ऊन भरपूर, वारा जोरात, की दिवा हिरवा: धुवा, भाजा, शिजवा, टाकी भरा, पाणी तापवा. पिवळा झाला की हात आखडता घ्या. लाल झाला की, ताईच्या शब्दांत, श्वाससुद्धा बेताने घ्या. त्यातही सगळ्यांनी एकदम उड्या मारायच्या नाहीत म्हणून धाकट्याने वेळापत्रक बनवलं होतं. आईची शेगडी बारा दहाला, ताईची एकला, दादा-वहिनींची पावणेदोनला, आणि सगळ्यांना वाटून उरलेली अडीचची वेळ धाकट्याची. संध्याकाळी शेगड्या बंद. पूर्वी सातला सगळे आईकडे वडिलांच्या मोठ्या टेबलाशी जेवायचे. आता जो तो आपापल्या मजल्यावर, शेगडी उतरली की लगेच, गरम गरम आणि एकटा जेवायचा. संध्याकाळी उरलंसुरलं थंड खायचा. दादा-वहिनी दोघं होते खरे, पण पावणेदोनला दादाचा हात कोणाच्या तरी तोंडात असायचा.

इमारतीचा आलेख टेबलासारखा सपाट झाला होता. योजनेने एक प्रशस्तिपत्रही पाठवलं होतं. ते जिन्यात लावलं होतं, आणि ते बघायला कोणी एकत्र उभं राहिलं नव्हतं.

फसवणूक अशी की आईची चहाची किटली दोन वीस ते दोन चाळीस होती आणि धाकट्याची शेगडी अडीचला लागायची. म्हणजे अडीच ते दोन चाळीस दोन मजले एकमेकांवर यायचे. हे नियमात बसत नव्हतं. दर महिन्याच्या एक तारखेला योजनेचं यंत्र ते शोधून काढायचं आणि लिहायचं, ‘दोन मजल्यांची वेळ एकमेकांवर आली आहे. दुरुस्त केले आहे.’ धाकटा मग खाली येऊन ती दहा मिनिटं परत घालायचा आणि कारणाच्या रकान्यात लिहायचा: तांत्रिक. वर भाताचं पातेलं शिजत असताना तो एक मजला उतरायचा, आईसमोर बसायचा, चहा घ्यायचा, आणि दोन चाळीसला वर जायचा. दिवसभरात त्याच्याशी जी माणसं बोलत त्यातली बाकी सगळी ‘वीज कधी येणार’ एवढंच विचारायची.

‘तांत्रिक’मधल्या शेवटच्या अक्षरावर तो होता तेवढ्यात वहिनी दारात आली. तीन दुकानांना ती पाव पुरवायची, त्यामुळे कोपरापर्यंत पिठात होती.

“भाऊजी, तुम्हाला माहीत असेलच.”

“काय?”

“मग नसेल.” ती चौकटीला टेकली. चौकट पांढरी झाली. “आई उद्या सकाळी मावशींकडे चालल्यात. राहायला.”

“किती दिवस?”

“बॅगेत दोन्ही स्वेटर आहेत. छत्री आहे. आणि मामंजींचा फोटो आहे.”

“फोटो का?”

“तेच म्हणते मी. चार दिवसांसाठी कोणी फोटो नेत नाही.”

धाकट्याने पक्कड खिशात घातली, बाहेर काढली आणि परत घातली. “मला का नाही सांगितलं तिने?”

“तुम्ही किती वाजता जाता त्यांच्याकडे?”

“अडीचला.”

“आत्ता नऊ वाजलेत,” वहिनी म्हणाली. “तुमचा नंबर यायचा असेल.”

*

आई टेबलाशी बसून बॅगेला कुलूप लावत होती. आठ माणसांचं ते टेबल. तिने त्याच्या एका कोपऱ्यात स्वतःपुरती जागा धरली होती आणि उरलेल्या सात जागांवर वर्तमानपत्रं बसवली होती.

“अरे, नऊ वाजता?” ती दचकली. “काय जळलं?”

“काही नाही जळलं. दोन-दोन स्वेटर नेतेस?”

“एक धुवायला टाकला की दुसरा. तिकडे दिव्याची वाट बघत बसत नाहीत.”

“मावशीकडेही येईल की योजना.”

“येऊ दे ना. सात माणसं आहेत तिच्याकडे. सातांनी मिळून दिव्याची वाट बघितली तर ती गंमतच.”

धाकटा एका वर्तमानपत्राशेजारी बसला. “वेळापत्रक बदलतो मी. बारा दहा तुला लवकर होतं का? एक देतो. ताईला हलवतो.”

“ताईला हलवशील? एवढा शूर कधी झालास?” आईने किल्ली पदराला बांधली. “तुझं वेळापत्रक बरोबर आहे रे. तुझे वडील कशाने गेले ते मी पाहिलंय, मी कशाला त्याला नावं ठेवू? वेळ मला हवी तेवढी आहे. बारा दहाला जेवते, साडेबाराला आवरून होतं, मग दुसऱ्या दिवशीचे बारा दहा होईपर्यंत वेळच वेळ.”

“मग?”

“मग एक कर. आज सात वाजता सगळे इथे. या टेबलाशी, एकदम. मग मी जाते.”

“सगळे आले तर राहशील?”

“आधी येऊ देत.”

‘आधी येऊ देत’ म्हणजे ‘हो’च, असं धाकट्याने ठरवून टाकलं. वायरमनला चालू आणि बंद यांच्या मधलं काही दिसत नाही. जिना उतरताना त्याने मनातल्या मनात खुर्च्याही मांडल्या.

*

ताई तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली ती फक्त शाळेतून. अकरा वाजता पहिल्या मजल्याच्या वळणावर सभा भरली तेव्हा ती तीन पायऱ्या वर उभी राहिली, जेणेकरून सगळे दिसावेत. सगळे म्हणजे दादा, वहिनी आणि धाकटा. दादा एका रुग्णाला तोंड उघडं ठेवायला सांगून दोन मिनिटांसाठी वर आला होता.

“हे होणारच होतं,” ताई म्हणाली. “रोज सकाळी जिनाभर पावाचा वास. आईच्या तोंडात दात चार. तिने त्या वासाचं करायचं काय?”

“दात चार आहेत कारण ती माझ्या खुर्चीत बसायला तयार नाही,” दादा म्हणाला. “आणि ती चाललीये तुझ्यामुळे. जिन्यात पाटी कोणी लावली? ‘दुपारी मोठ्याने हसू नये.’”

“मग दुपारी हसत होतं कोण?”

“तेच म्हणतोय मी. हसत होतं कोण?”

दादाने आणि ताईने एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघांनी एकाच वेळी धाकट्याकडे पाहिलं. त्यांचं एकमत झालं होतं.

“वेळापत्रक याचं,” ताई म्हणाली.

“माणसांना फ्यूजसारखी वेगवेगळ्या खोबणीत बसवली याने,” दादा म्हणाला. “मी बायकोला दुपारी जेवताना शेवटचं कधी पाहिलं माहितीये?”

“मी तुमच्या समोर उभी आहे,” वहिनी म्हणाली.

“जेवताना म्हणतोय.”

धाकट्याचा फोन वाजला. ताईची मुलगी. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला वीज नियंत्रण कक्षात होती, आणि कामावर असताना कोणाचीही मुलगी नसायची. त्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“मामा, तीनपर्यंत ऊन आहे, मग ढग येतायत आणि वाराही पडतोय. आज लाल आहे. सहाला सुरू होईल, नऊच्या पुढेमागे संपेल.”

“आजच?”

“मी ठरवत नाही रे, ढग ठरवतात. सगळ्या इमारतींना सांगतेय, जमेल तेवढं खाली या. हॉस्पिटलं आहेत, पाण्याचे पंप आहेत. मागणी उतरली नाही तर... इथे चर्चा चाललीये. जुनं वीजघर पेटवून ठेवायचं का, म्हणून. आजोबांचं.”

जिन्यात कोणीतरी खोकलं असतं तर बरं झालं असतं. कोणी खोकलं नाही.

“किती खाली यायचं?” धाकट्याने विचारलं.

“जमेल तेवढं. ठेवते. आई आहे का तिथे? तिला सांग मी जेवले.” फोन बंद झाला.

“खोटं बोलतेय,” ताई म्हणाली. मग तिने खांदे सरळ केले. “संपलं. सातचं जेवण रद्द. योजनेच्या कागदावर सही माझी आहे.”

“आई घर सोडून चाललीये आणि तू सही सांगतेस?” दादा ओरडला. दादा या जेवणाच्या बाजूचा आहे हे तेव्हा त्यालाही पहिल्यांदाच कळलं.

“बाबा कशाने गेले, सांग मला. त्या भट्टीची एक काडी मी पेटू देणार नाही. आईला मी समजावते.”

“तू समजावलंस की माणसं बॅग भरतात!”

“सात वाजता जेवायचं आहे ना?” वहिनीने मधेच विचारलं.

“हो.”

“मग सात वाजता शिजवायला कोणी सांगितलंय? ऊन तीनपर्यंत आहे. आत्ता शिजवू. गुंडाळून ठेवू. सातला खाऊ.”

चौदा महिने हे कोणाला सुचलंच नव्हतं, किंवा सगळ्यांना सुचलं होतं आणि कोणी बोललं नव्हतं. या दोहोंतलं खरं कोणतं, ते इतक्या सकाळी ठरवायची कोणाचीच तयारी नव्हती.

“मग गेले चौदा महिने...” धाकट्याने सुरुवात केली.

“माझा पेशंट तोंड उघडं ठेवून बसलाय,” दादा म्हणाला आणि खाली पळाला.

*

त्या दुपारी इमारतीने जे काही केलं ते कोणत्याही वेळापत्रकात बसणारं नव्हतं. दिवा हिरवा होता. वहिनीने पाव भाजले, ताईने बटाटे उकडले आणि प्रत्येक बटाटा मोजला, धाकट्याने टाकी काठोकाठ भरून घेतली. सुपाचं मोठं पातेलं दादाच्या दवाखान्यात गेलं. दातांची अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राएवढी ऊब धरून ठेवणारी वस्तू इमारतीत दुसरी नव्हती. अवजारं एका बादलीत वाट बघत बसली.

“सूप निर्जंतुक होईल,” दादा म्हणाला. “आजवर या घरातलं कुठलं सूप तसं नव्हतं.”

“हे माझ्या हातचं आहे,” ताई म्हणाली.

“म्हणूनच.”

बाकी पातेली ब्लँकेटांत गुंडाळली. ब्लँकेटं संपल्यावर ताईचा ओव्हरकोट आला, त्यात बटाटे झोपवले, बटणं लावली. अडीच वाजले तेव्हा धाकटा दोन मजल्यांच्या मधे, हातात पातेलं घेऊन उभा होता. वरून किटलीची शिट्टी आली. आई वाट बघत असेल, त्याला वाटलं. पण सातला ती भेटणारच होती, सगळ्यांबरोबर, आणि मग कदाचित रोजच. तो पातेलं घेऊन खाली गेला. या एका दिवशी त्याने ती दहा मिनिटं वापरली नाहीत.

सहाला दिवा लाल झाला. लिफ्ट बंद. दादाने आणि धाकट्याने सुपाचं पातेलं तीन मजले चढवलं. ताई स्वतःची खुर्ची घेऊन चढली, कारण आईकडच्या खुर्च्यांवर तिचा विश्वास नव्हता; तो वाद जुना होता. प्रत्येक मजल्यावर ती खुर्ची ठेवायची, तिच्यावर बसायची आणि म्हणायची, “मी दमलेली नाही.”

सातला एक मिनिट असताना धाकटा मीटरच्या खोलीत गेला. इमारतीत तेव्हा चार फ्रिज, पाच बल्ब आणि दवाखान्यातला मासे नसलेला माशांचा काचेचा टँक एवढंच चालू होतं. ‘जमेल तेवढं खाली,’ भाची म्हणाली होती. वडिलांची भट्टी त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि जरासा अभिमानही होता. त्याने मुख्य खटका खाली ओढला. आकडा शून्यावर आला. एवढं निर्मळ शून्य त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या शून्याकडे बघत तो क्षणभर एकटाच उभा राहिला, आणि मग जिना चाचपत वर गेला.

*

उजेड दादाच्या कपाळावर होता. दात बघायचा त्याचा पट्ट्याचा दिवा, स्वतःच्या सेलवर चालणारा. तो एकच दिवा असल्यामुळे दादा ज्याच्याकडे बघे तो उजळे. आणि ज्याच्यावर उजेड पडे तो सवयीने तोंड उघडे.

“मिटा,” दादा म्हणाला. “सगळ्यांनी मिटा. जेवायला बसलोय.”

“मिटून कसं जेवू?” आईने विचारलं.

ती हसली, आणि वहिनी हसली, आणि मग ताईही हसली. पाटी लावणाऱ्या बाईला हसताना पाहून दादाने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, त्यामुळे बाकीचे सगळे अंधारात गेले.

सूप अजून गरम होतं. बटाटे ओव्हरकोटातून काढले तेव्हा ताईच्या वासाचे होते, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही. सुरुवातीला सगळ्यांनी भराभर खाल्लं, सवयीने, जणू कोणाची तरी पुढची वेळ होती. मग खायचं संपलं आणि बोलायचं आलं, आणि बोलायचं काय ते कोणालाच आठवेना.

“टाकी भरून ठेवलीये,” धाकटा म्हणाला.

“छान,” ताई म्हणाली.

“हं,” दादा म्हणाला.

जरा वेळाने वहिनीने पावाचा तुकडा ताटात ठेवला. “एक विचारू? हे रोज जमलं असतं. दुपारी शिजवून सातला इथे. मला पहिल्याच आठवड्यात सुचलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?” धाकट्याने विचारलं.

“कोणी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना असंच बरं वाटतंय.”

दादाने मान खाली घातली. उजेड ताटात पडला, आणि तो बोलायला लागला तेव्हा त्याचं तोंड कोणाला दिसलं नाही. “मला बरं वाटत होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं. संध्याकाळी वर यायचं तर परत पाच तोंडं चावतायत. वेळापत्रक आलं, मला वाटलं सुटलो.” त्याने काटा फिरवला. “दोन महिने बरं वाटलं. तिसऱ्या महिन्यात मी माझ्याच चावण्याचा आवाज ऐकला. भयंकर आहे तो. तेव्हा यायला हवं होतं. पण मग येऊन काय सांगणार?”

“मी उभ्याने जेवते,” ताई अंधारातून म्हणाली. “लेक वेगळी राहायला गेल्यापासून. ओट्याशी, पातेल्यातूनच. ती फोनवर सांगते जेवले, मी सांगते जेवले. दोघी खोटं. सही असली की बरं असतं. आपल्याला कोणी बोलावत नाही असं नसतं मग. नियम असतो.”

धाकट्याच्या छातीवरचं ओझं खरं म्हणजे उतरायला हवं होतं. चूक त्याची नव्हती. वेळापत्रकाने माणसं तोडली नव्हती. ती आधीच सुटली होती, वेळापत्रकाने फक्त शिक्का मारला होता. पण ओझं उतरलं नाही, उलट जड झालं. चूक त्याची असती तर ती त्याला पक्कड घेऊन दुरुस्त करता आली असती.

“मग ठरलं,” तो घाईने म्हणाला. “उद्यापासून दुपारी शिजवायचं, सातला इथे. आई, ठरलं ना?”

दादाने आईकडे बघितलं. आई उजळली. तिने डोळ्यांवर हात धरला.

“तो दिवा काढ रे डोळ्यांवरून,” ती म्हणाली. “अजून सूप कोणाला हवंय?”

मग गप्पा खऱ्या सुरू झाल्या. वडिलांच्या, मावशीच्या, दादाने लहानपणी गिळलेल्या बटणाच्या. त्या गप्पा इथे देता येत नाहीत, कारण त्या वेळी इमारतीत कोणी नव्हतं. नऊ वाजून सात मिनिटांनी जिन्यातला दिवा, जो स्वतःच्या सेलवर चालायचा, पिवळा झाला. जुनं वीजघर पेटलं नव्हतं.

*

बाकीचे उतरल्यावर धाकटा खटका वर करायला निघाला. दारात आईने त्याची बाही धरली. अंधारच होता, आणि त्यामुळे बोलायला बरं होतं.

“आज अडीचला आला नाहीस.”

“पातेलं होतं हातात.”

“किटली लावली होती मी. ती दहा मिनिटं तूच घालतोस ना? ते यंत्र काढतं आणि तू घालतोस.”

“तुला कोणी सांगितलं?”

“एक तारखेला आलास की तुझ्या बोटाला शाई असते.” ती बाही सोडत नव्हती. “मला अडीचला झोप लागलेली असते रे. म्हातारपणची झोप, जेमतेम तेवढीच लागते. तू येतोस म्हणून उठते आणि किटली लावते.”

धाकट्याने जे बोलायला नको होतं तेच बोलून टाकलं. “मला चहा सोसत नाही. पित्त होतं.”

“माहितीये. खिडकीतल्या कुंडीत ओततोस. ते झाड मेलं, मी दुसरं आणलं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू यायचा बंद झाला असतास.”

खाली कुठेतरी ताईची खुर्ची पायरीवर टेकल्याचा आवाज आला. “मी दमलेली नाही,” ताई कोणालाही न म्हणता म्हणाली.

“आता सगळे रोज येणारेत,” धाकटा म्हणाला. “राहा ना.”

“येतील. आठवडाभर येतील, मग दादाच्या खुर्चीत कोणीतरी असेल, ताईचे गुडघे दुखतील. मग तू उरशील, आणि तू एक नवीन वेळ घालशील.” तिने बाही सोडली, चुरगळलेली जागा हाताने सरळ केली. “दहा मिनिटांवर दिवस जात नाही रे, बाळा. माझाही नाही, तुझाही नाही. जा, खटका वर कर. फ्रिज पाझरतील.”

तो गेला आणि त्याने खटका वर केला. सगळ्या मजल्यांवरचे दिवे एकदम लागले, जो तो आपापल्या खोलीत.

*

गुरुवारी सकाळी नऊला गाडी आली. ऊन कडक होतं, दिवा हिरवा होता, लिफ्ट चालू होती; आईला थांबवणारं तांत्रिक असं काहीही नव्हतं. दादाने बॅग उचलली, ताईने सूचना दिल्या, वहिनीने पाव दिला. धाकट्याने गाडीचं दार लावलं, ते नीट लागलं नाही म्हणून परत उघडलं, आणि परत लावलं.

दुपारी भाचीचा फोन आला. “मामा, काल सगळे कुठे गेला होता?”

“कुठे म्हणजे? घरीच होतो. पाचही जण. एका टेबलाशी.”

“यंत्राने तर ‘निर्मनुष्य’ लिहिलंय. सात ते नऊ सात, लाल संपेपर्यंत, आकडा शून्य. लाल संपल्यावर यंत्र माणसं मोजत नाही. थोडा जरी आकडा असता तरी माणसं धरली असती. एवढं खाली कोण येतं? माणूस घरात असला की काहीतरी चालू असतंच.”

“बदलता येईल का?”

“अर्ज करावा लागेल. मंजूर झालेला मी अजून पाहिला नाही. आजी खरंच गेली?”

“हो.”

“मी जेवले, सांग आईला.”

अडीचला त्याने भाताचं पातेलं लावलं आणि एक मजला उतरला. कुलूप होतं. दाराबाहेर कुंडी ठेवलेली होती, तिच्यावर चिठ्ठी होती: पाणी घालणे, चहा नाही. तो पायरीवर बसला, दोन चाळीसला उठला, आणि मग वर जाऊन त्याने अर्ज लिहायला घेतला.

*

प्रति,
मा. नोंद दुरुस्ती अधिकारी,
लवचीक इमारत योजना.

विषय: इमारत निर्मनुष्य नसल्याबाबत.

महोदय,

दिनांक १, बुधवार रोजी सायं. ७.०० ते ९.०७ या कालावधीत सदर इमारत निर्मनुष्य असल्याची नोंद आपल्या यंत्राने केली आहे. सदर कालावधीत तिसऱ्या मजल्यावर एकूण पाच व्यक्ती हजर होत्या व त्या एकमेकांशी बोलत होत्या. मुख्य खटका अर्जदाराने अतिउत्साहात बंद केला होता. पुरावा म्हणून एक ओव्हरकोट (बटाट्याच्या वासासह) तपासणीस उपलब्ध आहे. पाचपैकी चार व्यक्तींच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. पाचवी व्यक्ती बाहेरगावी आहे व परत कधी येणार याची नोंद कोणाकडे नाही.

तरी सदर नोंद दुरुस्त करून ‘सर्व जण घरी होते’ अशी करण्यात यावी.

तसेच, तिसरा मजला यापुढे रिकामा राहणार असल्याने तेथील किटलीची वेळ आपले यंत्र पुढील एक तारखेस आपोआप काढून टाकेल. तसे करू नये. तिसरा व चौथा मजला दुपारी २.३० ते २.४० एकमेकांवर येऊ द्यावेत. या दहा मिनिटांत कोणतीही वीज वापरली जाणार नाही, याची हमी अर्जदार देत आहे.

कारण तांत्रिक नाही.

कृपया मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.